एक लोखंडी तलवार, लाकडी मूठ

मंगळवार, घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यातला. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. ठिकाण सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. हजर: मी (त्या वेळी सहायक पोलीस निरीक्षक), एक हवालदार, पंच म्हणून खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर, आणि घराचे मालक. डायरीत त्या दुपारची नोंद एवढीच आहे. बाकीचं लिहून ठेवावं लागलं नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस एकमेकींत मिसळून गेल्या; ही मात्र वेगळी राहिली.

खबर चहाच्या टपरीवरून आली होती. आमचा खबरी म्हणाला, "साहेब, पेठेतला एक गृहस्थ जपानी तलवारी जमवतोय. फोनवर बोलताना मी ऐकलं. तीन बघितल्या, चौथी शनिवारी उचलतो म्हणाला." शहरात तेव्हा कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांनी उच्छाद मांडला होता आणि धारदार हत्यारं जप्त करा असा प्रत्येक ठाण्याला आदेश होता. अशा दिवसांत तलवारीची खबर खिशात ठेवता येत नाही.

दार साठीच्या एका गृहस्थांनी उघडलं. आमचे गणवेश पाहून ते घाबरले नाहीत, त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं.

"दोन ते चार आमच्याकडे कुणी येत नाही," ते म्हणाले. "पोलीसही येत नसत. या. चपला-बूट बाहेर काढा. चोरीला गेले तर आपण आहातच."

झडती घेतली. मिळालेल्या वस्तू अशा: पुस्तकं सतरा, बहुतेक चित्रांची. भिंग एक. मापं घ्यायचं व्हर्निअर एक. मऊ सुती कापडाच्या घड्या. लाल बांधणीची जाड वही. तलवार एकही नाही. हवालदाराने माळ्यावरसुद्धा पाहिलं. तिथे पितळेचा बंब होता.

"तलवारी कुठे आहेत?" मी विचारलं.

"नाहीत."

"जमवताय अशी खबर आहे."

"शिकतोय. जमवायला अजून सुरुवात नाही. ज्या जाणकाराला पत्र लिहून मी शिकतो, त्यांची अटच आहे, पहिली दोन वर्षं पुस्तकं घ्यायची, हत्यार घ्यायचं नाही. नवा माणूस घाईत घेतो आणि फसतो."

"मग शनिवारी काय आहे?"

"शनिवारी दोन वर्षं पुरी होतात."

हडपसरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टूलरूममध्ये तपासनीस म्हणून काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या लोखंडातल्या चुका शोधायच्या, हे काम. "जन्मभर नापास करत आलो," ते म्हणाले. "एकदा तरी पास करण्यासारखं पोलाद हातात धरावं, एवढीच हौस आहे. परवान्याचं विचाराल म्हणून आधीच सांगतो, अर्जाची पोच त्या वहीच्या पहिल्या पानात आहे."

पोच खरोखरच होती. आमचं काम तिथे संपलं होतं. पण यादी करणारा माणूस मी पाहिला की मला उठवत नाही. मी वही चाळू लागलो. पाहिलेल्या तीन तलवारींना त्यांनी तीन पानं दिली होती, तिन्ही नापास. पहिली नापास: धारेला पाणी देताना उमटते ती नागमोडी रेघ ॲसिडने खोटी उमटवलेली. दुसरी नापास: मुठीत लपणाऱ्या भागावरचा गंज कुणीतरी घासून चकचकीत केलेला.

"गंज काढला तर चांगलं नाही का?" हवालदाराने विचारलं.

"पात्याचा गंज वाईट. मुठीच्या आतला गंज हा जन्मदाखला. त्याच्या रंगावरून वय कळतं. तुम्ही जन्मदाखला पीतांबरीने घासता का?"

चौथ्या पानावर शनिवारची तलवार होती. विकणाऱ्याने फोनवर पाठवलेले फोटो त्यांनी छापून चिकटवले होते. एका सैनिकाने महायुद्धात ब्रह्मदेशातून आणलेली, घरच्यांना आता नको आहे, अशी विकणाऱ्याची माहिती. खाली मापं, वाक, मुठीवरचं माशाचं खरखरीत कातडं, मुठीपुढची गोल लोखंडी चकती. त्या चकतीला एक लांबट भोक होतं. भोकापाशी बाण काढून त्यांनी लिहिलं होतं: "कडेला तांबडा पदार्थ. जुनं जपानी रोगण? विचारणे."

मी भिंग मागितलं. ते रोगण नव्हतं. ती आमची लाख होती. तिच्यात पांढऱ्या दोऱ्याचं टोकही अडकलेलं दिसत होतं. मुद्देमालाला लेबल बांधून गाठीवर लाख ओतताना ज्याची बोटं भाजली आहेत, त्याला ती फोटोतही ओळखू येते.

आणि मला ती बाई आठवली.

त्याआधी मी पूर्वेकडच्या एका ठाण्यात होतो. आदल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आम्ही हत्यारांची मोहीम काढली. महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावातल्या वीस वर्षांच्या मुलाने पणजोबांच्या स्मृतिदिनी तलवार हातात घेऊन फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. आम्ही घरी गेलो, तलवार जप्त केली, गुन्हा दाखल केला. मुलगा सैन्यभरतीची तयारी करत होता. गुन्हा प्रलंबित असेल तर चारित्र्य पडताळणीत तो बाद होतो, आणि वयाच्या अटीमुळे त्याला एकच भरती उरली होती.

त्याची आई शाळेत पोषण आहार शिजवायची. तिच्याकडे आजेसासऱ्यांचा लष्करी कागद होता, ही जपानी तलवार आठवण म्हणून घरी नेण्यास परवानगी आहे, अशा मजकुराचा, तलवारीच्या वर्णनासह. तो पुरावा फार मोठा होता. पण कोर्टात मुद्देमाल उघडला तेव्हा आतून निघाली सरळ पात्याची, लाल मखमली मुठीखाली लाकूड असलेली, वरातीत नवरदेव धरतो तशी तलवार. कागदातलं एकही वर्णन जुळेना. मायलेक खोटे ठरले.

त्यानंतर ती दर सोमवारी ठाण्यात यायची. माझी सदाशिव पेठेच्या हद्दीत बदली झाली तर दोन बस बदलून तिथेही आली.

"सायेब, ती आमची नव्हं. आमची वाकडी हाय."

"बाई, सील आहे, लेबल आहे, नंबर आहे. मुद्देमाल बदलत नसतो."

"मग मी खोटं बोलतीया?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणाया कशाला पायजे? तोंडावर दिसतंय की."

मी तिला पाणी द्यायला सांगायचो आणि पुढचा कागद ओढायचो. हे मी लपवत नाही. पंधरा-सोळा सोमवार मी असेच काढले.

सदाशिव पेठेतून परत आल्यावर वरिष्ठांना सगळं सांगितलं, जुन्या ठाण्याला कळवलं आणि शनिवारची तयारी केली. गृहस्थांना ठरल्या वेळी तलवार पाहायला जाऊ द्यायचं, व्यवहार करायचा नाही, चष्मा काढून पुसला की आम्ही आत जाणार. ते म्हणाले, "चष्मा मी दर पाच मिनिटांनी पुसतो. दुसरी खूण ठेवा." मग टोपी ठरली.

हडपसरच्या बाजाराजवळच्या एका खोलीत भेट होती. टोपी निघाली, आम्ही आत गेलो. सतरंजीवर तलवार होती आणि तिच्यामागे मांडी घालून बसलेला माणूस मला पाहून उठून उभा राहिला. सवयीने त्याने नमस्कारही केला.

तो आमच्या जुन्या ठाण्याचा नेहमीचा पंच होता. ठाण्याच्या समोर त्याचं जुन्या भांड्यांचं आणि लोखंडी सामानाचं दुकान. पंच मिळणं किती कठीण असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. लोक कोर्टाच्या तारखांना घाबरतात, रस्ता बदलतात. हा मात्र हाक मारली की यायचा, सही करायचा, तारखेला हजर राहायचा. हळूहळू आमच्या निम्म्या पंचनाम्यांवर त्याचीच सही दिसू लागली. त्या मुलाच्या घरच्या जप्तीलाही तोच होता.

चौकशीत पहिला तासभर तो एकाच वाक्यावर अडून राहिला. "साहेब, ही तलवार मी एका घरातून घेतली. तुमचा मुद्देमाल तुमच्या खोलीत आहे. मोजून बघा."

मोजणी बरोबरच येणार होती. मी आवाज चढवला नाही. जास्त बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारावेत, कमी बोलणाऱ्याच्या हातात कागद द्यावा, असा माझा अनुभव आहे. मी चहा मागवला आणि मूळ पंचनाम्याची प्रत त्याच्यासमोर ठेवली.

"वाचा. मोठ्याने."

त्याने वाचलं. "एक लोखंडी तलवार, लाकडी मूठ, लांबी अंदाजे तीन फूट, जुनी वापरती."

"बास?"

"बास. पुढे सह्या आहेत." त्याने कागद खाली ठेवला. मग हसू आवरल्यासारखं करत म्हणाला, "साहेब, यात कुठलीही तलवार बसते. माझ्या दुकानातली पण बसली."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. चहाचा कप त्याने बशीत न ठेवता टेबलावर ठेवला. पुढे फारसं विचारावं लागलं नाही. जप्तीच्या वेळीच तलवार जपानी आणि किमती आहे हे त्याने ओळखलं होतं. दसऱ्याच्या शस्त्रपूजनाआधी ठाण्याची साफसफाई निघाली, मुद्देमाल खोलीतली गाठोडी अंगणात मांडली गेली. हा घरचाच माणूस, मदतीला होता. त्याने दोरा कापला, लेबल वरातीच्या तलवारीला बांधलं, लाख पुन्हा गरम करून चिकटवली. चकतीच्या भोकातला कण तेवढा राहून गेला. मुद्देमाल कारकुनाने महिनाअखेरीस संख्या तपासली. ती बरोबर भरली.

ते वर्णन ज्या पंचनाम्यात होतं तो मी सांगितला होता, शिपायाने लिहिला होता, आणि खाली माझी सही होती. त्या दिवशी चौदा हत्यारं नोंदवायची होती. मला घाई होती.

नवा पंचनामा करायला तज्ज्ञ म्हणून सदाशिव पेठेतल्या गृहस्थांनाच बोलावलं. पात्याला बोट लागू नये म्हणून त्यांनी शिपायाला दोनदा दटावलं, बांबूची बारीक खुंटी काढून मूठ अलगद उतरवली. एका तलवारीला तीन तास लागले, वर्णनाची पावणेतीन पानं झाली. मुठीच्या आत दोन अक्षरं कोरलेली सापडली. लष्करी कागदातलं वर्णन ओळीने जुळलं.

त्या बाईलाही बोलावलं होतं. तिने तलवारीला हात लावला नाही. पदर सावरून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली.

"आता मुद्देमाल बदलतो म्हणायचा का, सायेब?"

"बदलतो," मी म्हणालो. "माझं चुकलं, बाई."

"तसं लिवून द्या. माझ्या पोराच्या कामाला यील."

दिलं. गुन्हा तथ्यांविषयीच्या गैरसमजातून नोंदला गेला, तो बंद करावा, असा 'क' समरी अहवाल कोर्टात पाठवला. त्यासोबत माझ्या हलगर्जीपणाची कबुली देणारं टिपणही जोडलं. कोर्टाने अहवाल मंजूर केला. पंचावर गुन्हा दाखल झाला, कारकुनाची आणि माझी विभागीय चौकशी झाली, मला ताकीद मिळाली. ती योग्यच होती. मुलाची पडताळणी भरतीच्या नऊ दिवस आधी स्वच्छ झाली आणि तो धावण्यात पहिल्या गटात आला. सध्या तो उत्तरेकडे आहे. तलवार सुपूर्दनाम्यावर घरी गेली.

गृहस्थांना मी विचारलं होतं, दोन वर्षं थांबून हातची गेली, वाईट वाटलं का?

"तीन तास उलटून-सुलटून पाहिली," ते म्हणाले. "विकत घेणाराही इतकी पाहत नाही, तो भिंतीवर टांगतो. शिवाय आता मला कळलं की मला ओळखता येतं. पुढची घाबरत घेणार नाही." वर्षभराने, परवाना हातात आल्यावर, त्यांनी पहिली तलवार कागदपत्रांसह रीतसर घेतली. मला पाहायला बोलावलं, वेळ दिली पाच वाजताची.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. पोलिसाच्या हातातलं खरं हत्यार वर्णन असतं. ते बोथट असेल तर निरपराध माणूस सापडतो आणि चोर निसटतो. आता जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, ते चांगलंच आहे. पण कॅमेरा जे समोर धरलं तेच दाखवतो. काय पाहायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. आणि समोरचा माणूस पंधराव्यांदा तेच सांगत असेल, तर पंधराव्यांदा ऐकावं. खोटं बोलणारा सहसा इतके हेलपाटे घालत नाही.

ताकीद मिळाल्यावर मी त्या मोहिमेतल्या चौदाही नोंदी काढल्या आणि प्रत्येक माणसाकडे जाऊन एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: तुमची वस्तू जशी होती तशी लिहिली गेली का? तेरा झाले. त्यांपैकी दोघांच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या. चौदावा शहाळी विकणारा आहे. त्याचा रोजच्या कामाचा कोयता आम्ही "एक धारदार हत्यार" म्हणून उचलला होता. तो परत देण्याचा कोर्टाचा आदेश झाला आहे, प्रत माझ्याकडे आहे. त्याची हातगाडी जिथे उभी असायची तिथे आता मेट्रोचा खांब आहे. मंडईत दोनदा, हडपसरला तीनदा विचारून आलो. कुणी म्हणतं खराडीला गेला, कुणी म्हणतं कात्रजला.

खराडी पाहून झाली. कात्रज राहिलं आहे.