मिठाच्या खोलीतलं पथ्य

आईला नोएडातल्या त्या मिठाच्या खोलीत मीच नेलं. मला कुणी भरीस घातलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

पुण्याचं घर विकून ती माझ्याकडे दिल्लीतल्या द्वारकेला राहायला आली, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. घरात आम्ही दोघीच. दिवाळी संपली, बाहेरची हवा राखाडी झाली आणि तिचा जुना दमा उसळला. डॉक्टर म्हणाले, पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आणि महिनाभरात फरक पडला नाही तर हिवाळा संपेपर्यंत यांना दिल्लीबाहेर ठेवा. दिल्लीबाहेर म्हणजे पुण्यात माझ्या भावाकडे, आणि भावाकडे म्हणजे बैठकीतल्या दिवाणावर. भाऊ वाईट नाही. पण त्याच्या घरात ती पाहुणी असते, आणि सगळे उठायच्या आत तिला आपलं अंथरूण गुंडाळून ठेवावं लागतं. तिला बरं करायचं आणि तेही इथेच, या हट्टाला मी पेटले.

ऑफिसातल्या मैत्रिणीने मिठाच्या खोलीचं सुचवलं. "अगं, पंचेचाळीस मिनिटं नुसतं पडून राहायचं, मिठाच्या हवेने छाती मोकळी होते. बिल्कुल नॅचरल. मी तर झोपूनच जाते, यार!" जागा ऑफिसजवळच्या मॉलमध्ये, नखं रंगवणाऱ्या पार्लरच्या शेजारी होती. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून आंबलेली मंडळी तिथे शनिवारी टेन्शन उतरवायला जायची. दमेकऱ्यांची ती जागा नव्हतीच. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं की श्वासाचा विकार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. चिठ्ठी मागायला गेले असते तर डॉक्टरांनी मला दारातूनच हाकललं असतं. मी 'किरकोळ खोकला' असं लिहिलं आणि आईची सही घेतली. तिने ती चष्मा न लावताच केली.

पहिल्या दिवशी ती उंबऱ्यातच अडली. जमिनीवर घोटा बुडेल इतकं जाडं मीठ पसरलेलं, भिंतींना गुलाबी मिठाच्या विटा, आणि बाहेरचं एक यंत्र घुंघुं करत मिठाची बारीक धूळ नळीतून आत सोडत होतं. "मिठावर पाय द्यायचा?" तिने हळूच विचारलं. आमच्या घरी चिमूटभर मीठ सांडलं तरी ओरडा बसायचा. "आई, चल ना, मागे लोक खोळंबलेत." तिने वाकून मिठाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग पाऊल टाकलं. मला तिची लाज वाटली. आज ते आठवलं की माझी मलाच वाटते.

परतताना मी विचारलं, "बरं वाटलं?"

"हो, हलकं वाटतंय."

दुसऱ्या शनिवारी "खूपच" झालं, तिसऱ्या शनिवारी "अगदी". खोकला मात्र वाढत होता. बाथरूमचा नळ मोठा सोडून ती आत खोकत बसते, हे मला ऐकू यायचं. सेंटरच्या बाईंना विचारलं तर त्या गोड हसून म्हणाल्या, "मॅम, शुरू में बढ़ता है. अंदर का सब निकल रहा है ना." मला हेच ऐकायचं होतं, त्यामुळे ते पटायला वेळ लागला नाही.

चौथ्या शनिवारी आत आणखी पाच जण होते. सगळे डोक्याला टोप्या घालून आरामखुर्च्यांवर डोळे मिटून पसरलेले. निळा उजेड, कुठूनतरी बासरी. मीही डोळे मिटले. बासरीच्या खाली एक बारीक शिट्टी ऐकू येत होती, ती यंत्राची असणार असं मी धरून चालले. मग यंत्र मध्येच थांबलं. शिट्टी थांबली नाही.

डोळे उघडले तर आई खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती. एक हात गुडघ्यावर रोवलेला, खांदे वर-खाली होतायत, आणि दुसऱ्या हाताने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरलेला. "काय होतंय?" मी विचारलं. तिने मान हलवली आणि झोपलेल्या लोकांकडे बोट केलं. त्यांची झोप मोडेल म्हणून!

मी ओरडलेच. बाई धावत आल्या, "नॉर्मल है मॅम, रिलॅक्स कीजिए."

"नॉर्मल नहीं है! दरवाज़ा खोलिए!"

बाहेरच्या बाकावर तिला बसवलं, लॉकरमधून तिची पर्स काढून उलटी केली. चष्मा, रुमाल, खडीसाखर, अंगाऱ्याची पुडी. पंप नव्हता. "आई, पंप कुठाय?" तिला बोलता येईना. तिने हाताने दूर, घराच्या दिशेने दाखवलं. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

तिला बाईंच्या हवाली करून मी सरकत्या जिन्यावरून माणसं ढकलत खाली केमिस्टकडे पळाले. त्याने शांतपणे डॉक्टरांची पर्ची मागितली. इतकी वर्षं दिल्लीत काढून, त्या क्षणी मला हिंदीचा एक शब्द आठवेना. "माझी आई मरतेय हो!" मी त्याच्यावर किंचाळले. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने पंप माझ्या हातात ठेवला.

दोन फवारे दिले. मग आणखी दोन. शिट्टी जराशी खाली आली, तशी तिला गाडीत घालून जवळचं हॉस्पिटल गाठलं. तिथे नाकातोंडावर मास्क लावून तिला औषधाची वाफ दिली, आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पंप कब से बंद है?" आईने तीन बोटं दाखवली. तीन आठवडे.

परतीच्या वाटेवर मी तिला फैलावर घेतलं. ती थकलेली होती, तरी घेतलं. का बंद केलास?

"अगं, एक औषध चालू असताना दुसरं घेत नाहीत. तुझ्या लहानपणी त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या चालू असताना घरात कॉफीसुद्धा बंद असायची, विसरलीस? मी पथ्य पाळलं."

मी विसरले नव्हते. गोळ्या चालू असताना चोरून कच्चा कांदा खाल्ला म्हणून मला तिच्या हातचा धपाटा बसला होता. आणि "आता बघ, पंपाची गरजच उरणार नाही" असं पहिल्या शनिवारी मीच तोऱ्यात म्हटलं होतं. पण मला कबूल करायचं नव्हतं. "मग बरं वाटत नव्हतं ते तरी सांगायचंस! दर वेळी विचारत होते ना मी!"

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "सांगितलं असतं, तर तू तुझ्या भावाला फोन केला असतास."

फोन मी करून चुकले होते. ती आत वाफ घेत होती तेव्हाच. मंगळवारच्या विमानाचं तिकीटही निघालं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि तिला सांगितलं. मागचे हॉर्न वाजवत होते.

तिने चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "किती दिवस?"

"हिवाळा संपेपर्यंत."

"न्यायला तू येशील? का तोच आणून सोडेल?"

"मी येईन."

"नक्की?"

मला रडू कोसळलं. मी हो म्हटलं. तिने ते माझ्याकडून आणखी दोनदा वदवून घेतलं.