शेवटच्या बाकावरचा तळहात

ही साक्ष चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून द्यायचा धीर मला दोन वर्षांत झाला नाही, म्हणून लिहून देते आहे.

मी हिंगणघाटची. बाबा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बहिऱ्या मुलांना शिकवायचं हे माझं स्वप्न आत्यामुळे पडलं. बाबांची ही बहीण जन्मापासून बहिरी. तिला कोणी शाळेत घातलं नाही. उपासनेत ती शेवटच्या बाकावर बसायची आणि गीत सुरू झालं की डावा तळहात बाकावर टेकवायची. गाणं तिला तेवढंच पोचत असावं. मी आठवीत असताना ती गेली.

पदवीनंतर नागपूरला बहिऱ्या मुलांच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. प्रवेशाचं मूळ पत्र घेऊन सोमवारी हजर व्हायचं होतं. पण त्याच सोमवारपासून बाबांनी शेठकडे शब्द टाकून जिनिंगच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा ठरवली होती. त्यांना नाही म्हणणं मला जमेना. बुधवारच्या प्रार्थना सभेत मी मन मोकळं केलं, तेव्हा मंडळीतले वडीलधारे दौलतकाका म्हणाले, "पोरी, आपली इच्छा क्रुसावर द्या लागते. नाई तं भक्ती कायची?" ते मायेनेच बोलले. मला मात्र वाटलं, स्वतःसाठी काही हवं असणं हेच माझं पाप आहे.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची एक लाकडी पेटी आहे. वर फट, खाली कुलूप, किल्ली काकांकडे. लोक तिच्यात चिठ्ठ्या टाकतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या वाचून प्रार्थना होते आणि मग सगळ्या बाहेर घमेल्यात जाळतात. त्या बुधवारी मी प्रवेशाच्या पत्रामागे 'प्रभू, हे घे' असं लिहिलं आणि ते घडी करून फटीतून आत सरकवलं. रविवारी ते जळणार हे मला माहीत होतं. घरी येऊन रडले आणि त्याला समर्पण म्हटलं.

चर्चची चावी दर आठवड्याला एका घरी असते. तेव्हा पाळी आमची होती. बुधवारी सभेनंतर कुलूप मीच लावलं होतं. आत कुत्री शिरून बसतात, म्हणून बाकांखाली वाकून पाहिलंही होतं. शनिवारी दुपारी मी झाडायला गेले. ऊन इतकं की रस्त्यावर माणूस नव्हतं. लू वाहत होती. कुलपात चावी फिरवली आणि आतून घंटा वाजली. एकच टोल.

दार ढकललं. घंटेचा दोर हलत होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. शेवटच्या बाकावर, आत्याच्या जागी, एक म्हातारी बसली होती. चेहरा आत्याचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. पांढरं लुगडं, अनवाणी पाय, डावा तळहात बाकावर टेकवलेला.

"मावशी, तुम्ही आत कशा काय आल्या?"

तिने कानाला बोट लावून हात हलवला. मग मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि तो स्वतःच्या गळ्यावर ठेवला. तिचे हात माठासारखे गार होते, तेही तसल्या उन्हात. गळ्यात काहीतरी थरथरत होतं. दुरून मालगाडी येताना रूळ थरथरतात, तसं. कानावर मात्र काहीच येत नव्हतं. मग तिने माझाच हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि वाट पाहत राहिली.

माझ्या तोंडून निघालं, "मले जायचं आहे."

इतक्या दिवसांच्या प्रार्थनेत हे वाक्य मी प्रभूला एकदाही सांगितलं नव्हतं. तिने प्रार्थनेच्या पेटीकडे पाहिलं. मग ओंजळ तोंडाशी नेली. मी पाणी आणायला व्हरांड्यात गेले. माठ दाराला लागूनच आहे. पेला भरून वळले तर बाक रिकामं. दार ते एकच, आणि खिडक्यांना गज. दोर आता हलत नव्हता. बाकावर लूने आणून टाकलेली धूळ होती आणि त्या धुळीत डाव्या तळहाताचा ठसा होता. मी सगळं चर्च झाडलं, पण ते एक बाक पुसलं नाही.

रविवारी बाबा माझ्यासोबत लवकर आले. "हे बाक पुसाचं राह्यलं काय व?" म्हणत वाकले आणि तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, "राहू दे." आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

काकांनी पेटी उघडली. चिठ्ठ्या वाचता वाचता माझं पत्र हाती आलं. "हे काय व? हे तं कॉलेजचं पत्र होय! देवबापाले बी आता फारम भरून द्या लागते काय?" सगळे हसले. काकांनी ते जाळायच्या ढिगात ठेवलं. मी उभी राहिले.

"काका, ते मले परत पाहिजे."

"देवाले देल्लं परत मागतं काय कोणी?"

तेवढ्यात बाबांचा आवाज आला, "द्या तिले. शेठले मी सांगतो."

सोमवारी मी नागपूरला गेले. पहिल्याच दिवशी आमच्या बाईंनी एका बहिऱ्या मुलीचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि मग तिच्याच गळ्यावर. आवाज हाताला कळतो, हे शिकवायची ती पहिली पायरी, असं त्या म्हणाल्या. शनिवारपर्यंत मी तसं करताना कोणाला पाहिलं नव्हतं. वर्गात माझा हात आपोआप माझ्या गळ्यावर गेला.

ती म्हातारी कोण, हे मी गावात पुष्कळांना विचारलं. कोणी तिला ओळखत नाही. आता विचारत नाही. एवढंच उमगलं की मी प्रभूला राख द्यायला निघाले होते आणि त्याला माझा आवाज हवा होता. तो दिल्यावर पुढचं त्याने बाबांच्या तोंडून केलं. त्याचे उपकार मी कसे फेडू?

आता मी शिकवते. नवं मूल माझ्या गळ्यावर तळहात ठेवतं, तेव्हा मी लगेच बोलत नाही. क्षणभर तो हात माठासारखा गार लागतो. मग मी बोलते.