नुसता नमुना हाय

दाराची कडी वाजली की अक्का आधी सेफ्टी पिन शोधायच्या. दार नंतर. बाहेर गॅसवाला असो, नळाचं बिल देणारा असो, की माझ्यासारखी वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण असो, आपण दोन मिनिटं उन्हात उभं राहायचं. आतून आवाज यायचा, "आले की वो, थांबा जरा, पिन लावते." क्रोशाच्या सुईवरचा टाका पिनेत अडकवायचा, पिन मिटायची, ती मिटली का हे दोनदा चाचपायचं, आणि मग उठायचं.

तुमच्यापैकी ज्यांनी क्रोशाचं काम केलंय त्यांना यातली ग्यानबाची मेख कळेल. स्वेटरच्या सुईवर टाक्यांची रांग असते. क्रोशाच्या सुईवर एकच टाका जिवंत असतो. तो निसटला आणि दोरा कुणाच्या पायात आला, की आठ दिवसांचं काम बघता बघता उसवतं. पण म्हणून पाणी प्यायला उठतानासुद्धा कुणी पिन लावत नाही. मी एकदा म्हटलं, "अक्का, दार तीन पावलांवर आहे." त्या म्हणाल्या, "तीन पावलांत काय बी हुतंय, बाई."

बाई म्हणजे मी. सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवते. अक्कांचं आणि माझं घर एका भिंतीनं जोडलेलं होतं. त्यांच्या घरात पूर्वी माग होता. यजमान गेल्यावर तो विकला, पण सुताची पोती राहिली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि घाबरल्यावर दोन्ही. एकुलती एक लेक बार्शीला दिली होती.

वीस वर्षं मी मुलांकडून देखावा काढून घेते आहे. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी. बघायचं कसं हे मात्र मला अक्कांनी शिकवलं. शाळेच्या चित्रप्रदर्शनाला त्यांना हौसेनं नेलं, तर पहिल्या नंबराच्या चित्रापुढून त्या सरळ निघून गेल्या आणि कोपऱ्यातल्या एका चित्राला नाक लावून उभ्या राहिल्या. पाचवीतल्या कुणा मुलीनं फोडलेलं डाळिंब काढलं होतं. अक्कांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला.

"काय मोजताय?"

"दाणं. सहा, मग बारा, मग पडदा. ह्या पोरीनं बघून काढलंय, बाई. बाकीच्यांनी पाठ करून."

पहिला नंबर मी दिला होता. त्यात दोन डोंगर होते.

तर त्या वर्षी गणपतीत बार्शीहून फोन आला. लेकीला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा.

पहिल्या दोन वेळांचं मला माहीत होतं. पहिल्या वेळी बातमी कळली त्याच दिवशी अक्कांनी सुई हातात घेतली होती. टोपडं, मोजे, दुपटं, सगळं करून, धुऊन, घड्या घालून ठेवलं, आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी त्यांनी हात आवरला, पण एक टोपडं केलंच. ते मूल चौथ्या महिन्यातच गेलं. मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत, पाळणासुद्धा घरात आणत नाहीत, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. हौस आवरली नाही. डॉक्टरांनी वैद्यकीय कारण नीट समजावून सांगितलं होतं, आणि अक्कांनी ते नीट ऐकूनही घेतलं होतं. "डॉक्टर म्हणतेत ते खरं असंल," त्या मला म्हणाल्या, "पर टोपडं मी केलं हुतं, बाई."

म्हणून या वेळी सुई कपाटावर गेली. तीन दिवस त्यांनी नुसत्या वाती वळल्या. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या. "लेक तिकडं झोपून हाय, मला हितं बसवंना. तुमची स्कूटर हाय, कंबर तलावाला न्या की."

तलावात कमळं होती. माणसं फुलांचे फोटो काढत होती. अक्का वाऱ्यानं उलटणाऱ्या पानांकडे बघत बसल्या. पानाच्या मागून देठापासून शिरा फुटतात, पुढे एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मी फोटो काढून दाखवला, तर म्हणाल्या, "फोटोत मागची बाजू कुटं दिसती?" आणि पुन्हा पेरं मोजायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर तळहाताएवढा पांढरा चौकोन होता. मधून शिरा निघालेल्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार.

"हे काय अक्का?"

"नुसता नमुना हाय."

"कशाचा?"

"कशाचाच न्हाय."

शेवटचा टाका त्यांनी बंद केला नव्हता. पिन लावून ठेवला होता. बंद केला, दोरा कापला, की वस्तू झाली. उघडा आहे तोवर नमुना. असा त्यांचा हिशेब. देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची ही पद्धत मला फार मजेशीर वाटली. मी शहाणी ना!

मग आम्हाला फिरायचा नादच लागला. सुट्टी आली की अक्का पिशवी घेऊन दारात. भुईकोट किल्ल्याच्या भिंतीत कुठल्या तरी जुन्या देवळाचं दगडी फूल बसवलंय, ते त्यांनी तासभर बघितलं. एक पाकळी तुटलेली होती. चौकोनात त्यांनी ती भरून घेतली. एका ओळखीच्यांच्या शेतात हुरड्याला गेलो, तर सगळे खात होते आणि या कणीस हातात फिरवत दाणे एकाआड एक कसे बसलेत ते बघत होत्या. कांद्याच्या फुलांचे गोंडे, बाभळीच्या शेंगा, सगळं घरी येऊन पांढऱ्या सुतात उतरायचं. मागावरचं सूत धुऊन धुऊन त्यांनी इतकं मऊ केलं होतं, की गालाला लावावंसं वाटे. सगळे चौकोन एकाच मापाचे. ते कशासाठी आहेत हे आम्हा दोघींना कळत होतं, पण दुपटं हा शब्द कुणी काढायचा नाही.

आणि सहल म्हणजे तरी काय, दर पंधरा मिनिटांनी बार्शीला फोन. "डाव्या कुशीवर हाईस न्हवं? मग दम का लागलाय? बोल की!"

पलीकडून लेक म्हणायची, "अम्मा, तोंडात घास आहे."

नान्नजच्या माळरानावर माळढोक बघायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. तिथला माणूस म्हणाला, नशीब असेल तर दिसेल. गुडघाभर वाळलेलं गवत, वर आभाळ, आणि अक्का डोळे ताणून बसलेल्या. मध्येच त्यांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी त्यांना नंबरच सापडेना, तसा मीच फोन काढून घेतला. "अय्यो देवुडा, चला बाई, चला." मी गाडी इतकी जोरात आयुष्यात हाणली नसेल. अर्ध्या वाटेत लेकीचा फोन आला. झोपली होती. अक्का रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसून रडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पक्षी ऱ्हायला की."

त्या दिवसाचा चौकोन वेगळा झाला. चारी बाजूंनी गवत, मध्ये विरळ जाळी. "मधी पक्षी यायचा हाय," म्हणाल्या.

सातव्या महिन्यात लेक माहेरी आली. आता चौकोन घरात ठेवायची सोय नव्हती. "तिला दिसलं तर ती आशा लावंल," असं म्हणून अक्कांनी ते बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्या कपाटात आणून ठेवले. बारा चौकोन, बारा पिना. "डबा उघडू नका, बाई."

मी उघडला.

रविवारची दुपार होती. आठवा महिना लागला होता, सगळं ठीक होतं. बारा चौकोन गादीवर मांडले, आणि त्या लोंबणाऱ्या पिना मला बघवेनात. शाळेत मी मुलांना अर्धवट चित्र घेऊन येऊ देत नाही. वाटलं, आता राहिलंय काय? बाळ आल्यावर अक्कांना वेळ कुठला मिळणार? मला थोडाफार क्रोशा येतो. एकेक टाका बंद केला, दोरे कापले, आणि चौकोन एकमेकांना जोडायला घेतले. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! शेवटचा, गवताचा, कोपऱ्यात जोडला आणि दुपटं हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात भिंतीवर थापा पडल्या. एक, दोन, मग सारख्या.

लेकीला कळा सुरू झाल्या होत्या.

हातातलं तसंच पिशवीत कोंबून मी धावले. रिक्षा, दवाखाना, आत नेणं, डॉक्टरांचं "दिवस भरले नाहीत, थांबवता येतंय का बघतो" हे सांगणं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी मुलांना विज्ञानाच्या तक्त्यांची चित्रं काढून देते. पण त्या बाकड्यावर बसल्यावर ते विज्ञान काही कामाला येईना. पिशवी मी पायाशी ठेवली होती आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

अक्का आतल्या दाराकडे टक लावून बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, डबा बंद हाय न्हवं?"

खोटं बोलता आलं असतं. मी पिशवी उघडली.

त्यांनी दुपटं मांडीवर पसरलं. एकदाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तळहात फिरवला. त्या एका क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी हौस आली, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता त्या मला चार शब्द सुनावतील, आणि सुनावावेत असं फार वाटत होतं. त्या म्हणाल्या, "उसवा."

नर्सकडून कात्री मागून आणली. एका बाजूनं त्या, एका बाजूनं मी. जोड कापायचा, बंद केलेलं टोक सोडायचं, एक टाका उसवून मोकळा करायचा आणि बोटावर धरायचा. पण पिना? त्या माझ्या गादीवर पडलेल्या. अक्कांनी आपल्या बांगडीतल्या दोन काढल्या. समोर बसलेल्या एका बाईनं काही न विचारता आपल्या बांगडीतल्या तीन दिल्या. मग तिच्या शेजारणीनं, मग दवाखान्यातल्या मावशीनं. कुणीही काय चाललंय म्हणून विचारलं नाही. शेवटी गवताचा चौकोन उरला आणि पिना संपल्या. मी पदराची पिन काढून लावली आणि पदर कमरेला खोचला.

मला हे सांगताना लाज वाटते, पण दोघींत जास्त घाईनं मीच उसवत होते.

संध्याकाळी मुलगी झाली. इवलीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. अक्कांनी चौकोनांकडे पुन्हा बघितलंही नाही, डबा परत माझ्या कपाटात गेला. रोज त्या काचेपाशी उभ्या राहायच्या आणि अंगठा पेरांवरून फिरत असायचा. मी विचारलं, "आता कसला नमुना?" म्हणाल्या, "श्वास मोजतीय." त्यांचं मोजून झाल्याशिवाय मीही तिथून हलत नसे.

अखेर एक दिवस डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. अक्का भिंतीवर थापा न मारता, सरळ दाराशी आल्या. "बाई, डबा द्या. पोरीला गुंडाळायला दुपटं लागतंय की."

हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. दुसऱ्या दिवशी त्याच बाकड्यावर बसून त्यांनी टाके बंद केले आणि चौकोन जोडले. अकरा. बारावा, गवताचा, माझ्या हातात दिला. दुपट्याचा एक कोपरा रिकामा राहिला.

"अहो, हा राहिला."

"तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. समदंच पुरं केलं की मला भ्या वाटतंय. कुटंतरी एक चालू असावा."

मी हसले नाही. पुढे नातीला सांभाळायला त्या बार्शीलाच राहिल्या. रविवारी फोन यायचा. नातीचे दात, नातीचा ताप, नातीची शाळा, आणि शेवटी ठरलेलं, "पिन हाय का जाग्यावर?" मी चिडवायची, "बघितली नाही बाई." "मग बघून या. मी धरते." मी खरंच उठून कपाट उघडायची आणि सांगायची, आहे. मगच त्या फोन ठेवायच्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, उठल्याच नाहीत. लेक सांगत होती, उशाशी सुई होती आणि कामाला पिन लावलेली होती. नात आता पहिलीत आहे. एक कोपरा नसलेलं ते दुपटं अजून पायांवर घेऊन झोपते म्हणे. मला अक्कांची फार आठवण येते. रविवारी जास्त येते.

परवा चौकोन काढून बघितला, तर माझी ती पिन गंजली होती. सुतावर तपकिरी डाग यायला लागला होता. नवी पिन शोधून आणली, जुनी हळूच उघडली, आणि मोकळा टाका बोटावर घेतला. तेवढ्यात दाराची कडी वाजली. दार तीन पावलांवर आहे. कडी पुन्हा वाजली. मी बोट तसंच वर धरून, दुसऱ्या हातानं नवी पिन चाचपत ओरडले, "आले की वो, थांबा जरा, पिन लावते."