न प्यायलेला माड

माडांवर डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड आली आणि नारळ लिंबाएवढे असतानाच गळू लागले, तेव्हापासून इब्रामपूरचा एक नारळ पाडणारा पाडेली माझ्याकडे, माझ्या गावी पार्शात येतो. कडुनिंबाच्या बियांचा अर्क तो पिशवीत भरतो, माडाचं ताजं तांबूस मूळ तिरकं कापून त्यात बुडवतो, पिशवी बांधतो आणि बुंध्याला थोपटून म्हणतो, "पी रे पुता." मग माड पिईपर्यंत माझ्या सोप्यावर बसून राहतो. ताजं मूळ संध्याकाळपर्यंत पिशवी रिकामी करतं.

गोव्यातल्या भाषेच्या भांडणात तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. आजही तो कोंकणीत बोलतो, मी मराठीत उत्तर देतो. हटत कुणीच नाही. "चाय पातळ रे तुजी," म्हणतो आणि दुसरा कप मागतो. त्याच्या घरात दुसरं माणूस नाही, माझ्याही नाही. त्यावर आम्ही बोलत नाही.

काल विहिरीजवळचा शेवटचा माड राहिला होता. त्यानं मूळ निवडलं ते काळं, सुकलेलं. सुकं मूळ पीत नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी बघितलं आणि चहा ठेवायला आत गेलो.

संध्याकाळी पिशवी भरलेलीच होती.

"पियेंवक ना," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "फाल्यां येवंक जाय."

"उद्या ये, नाहीतर परवा ये. माझं काय जातंय?"

तो सायकल घेऊन गेला. आज सकाळी पाववाला पोदेर आला, तेव्हा मी दोन उंडे जास्त घेतले.