बाटलीला बांधलेली सुतळी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून कबरीला औषध पाजलं. कबरी आमची बकरी. मी तिला धरलं अन् सुपडाबाई, माझी बायको, चमच्यानं ओतत होती. सवयीनं माझा हात जबड्याखालून वर गेला. ती लगेच बोलली, "डोकं खाले राहू द्या. इतली घाई कसानी शे तुमले?" मी पुटपुटलो. पाजून झालं तशी तिनं बाटलीच्या गळ्यातल्या सुतळीला दुसरी गाठ मारली. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले होते. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून रोजची एक गाठ. दुपारी तिच्या छातीत कळ आली. जीप धुळ्याला पोचायच्या आत ती संपली...

महिना होत आला. घरात बसवत नाही. उठतो, गोठ्यात जातो, कबरीच्या बरगड्या बघतो, परत येतो. तिचा आजार गेलाय, चांगली चरते, तरी बघतो. हे लिहितानाच तीनदा उठलो. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायला वेळ लागतो, त्यात हे असं.

सुपडाबाईला खोकल्याची पारख होती. चाऱ्याच्या धुळीनं बकरी खोकली तर ती मान वळवून बघायची पण नाही. पण नाक वाहायला लागलं, चारा सुटला, बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या, की ती बकरी तेवढ्यात कळपातून वेगळी. कबरीचं तसं झालं तेव्हा मी म्हणालो, उद्या सोनगीरच्या बाजारात नेऊन विकून टाकू, अजून कोणाला कळलं नाही. मला वाटलं, शहाणपणा केला. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "आपला खोकला दुसराना घर कसाले धाडाना?" अन् दुसऱ्या सकाळी बकरी घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली. मला बोलावलंच नाही. मी मागनं गेलो.

आता जे लिहितो ते कोणाला माहीत नव्हतं. दोन वर्षांमागं आमची पारी नावाची बकरी अशीच खोकत होती. सुपडाबाई लग्नाला गेलेली. मला शेतात जायची घाई. मी पारीचं तोंड आभाळाकडं केलं अन् बाटलीच उपडी केली. ती ठसकली, नाकातून फेस आला. औषध पोटात नाही, फुफ्फुसात गेलं होतं. संध्याकाळपर्यंत गेली. मी सगळ्यांना सांगितलं, रोगानं मेली. रात्री परत आल्यावर सुपडाबाईनं रिकामी बाटली बघितली, पारीचं ओलं नाक बघितलं, माझ्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही. ना मला, ना गावात, ना पोरीला. त्यानंतर चमचा मात्र माझ्या हातात कधी दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुपडाबाईला मसणात पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी ओसरी माणसांनी भरली होती. लोक म्हणत होते, नाना, आज बसा. मागं कबरी खोकत होती अन् माझं ढुंगण जमिनीला टेकेना. औषध मधेच तोडायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं. मी उठून कोनाड्यातली बाटली काढली. देवपूरला दिलेली आमची पोरगी मंगल मागं आली. म्हणाली, "नाना, तुम्ही लोकांत बसा. मी पाजते."

ओसरीवरचे सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "मंगल, आपली पारी रोगानं नही मरनी. मीच मारी तिले. आज मीच पाजस. तू धर. डोकं वर गयं तं माले टोकजो."

तिनं कबरीला भिंतीशी लावून धरलं. मी तोंडाच्या कडेनं चमचा घातला, थोडं ओतलं, थांबलो. कबरीनं गिळलं. पुन्हा थोडं, पुन्हा थांबलो. बायको दहा वेळा थांबायची, मी वीस वेळा थांबलो असेन. एक थेंब नाकातून आला नाही.

मग सुतळीला तिसरी गाठ मारली. तिच्या दोन बारीक, माझी बैलाच्या दाव्यासारखी जाड. बाटली कोनाड्यात जागेवर ठेवली, अन् मग जाऊन लोकांत बसलो.