बॉल येण्याआधी

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे कापूस म्हणत. अंगानं हलकी होती म्हणून नव्हे; ओल्या चादरींचं गाठोडं ती एकटी उचलून मशीनमध्ये टाकायची. नाव पडलं ते मैदानावर. कितीही उंचावरून, कितीही जोरात आलेला बॉल तिच्या डाव्या पायाला लागला की कापसाच्या ढिगात पडावा तसा निमूट व्हायचा. हॉस्पिटलच्या बायकांच्या टीममध्ये तिच्याहून जोरात पळणाऱ्या चौघी होत्या, जोरात मारणाऱ्या तर सगळ्याच. पण अडचणीतला बॉल कुणाकडे द्यायचा, याचा विचार कुणीच करत नसे. तो कापूसकडे. चौतीस वर्षांची, एका मुलीची आई, अकरा वर्षं टीमच्या मधोमध खेळत आलेली.

तिची नणंदही त्याच टीमची गोलकीपर होती. सासू शेजारणींना सांगायची, "ज्या घरात सूनही फुटबॉल खेळते आणि लेकही, त्या घरात दुधाचं पातेलं वरच्या फळीवर ठेवावं."

त्या वर्षी टीमचं काही खरं नव्हतं. शेवटचा सामना गिरणीच्या टीमशी होता. हरलो तर खालच्या गटात, निदान बरोबरी झाली तर वरच्या गटात मुक्काम कायम. आणि हॉस्पिटलच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं, खालच्या गटात खेळणाऱ्या टीमला शनिवारची सुट्टी मिळणार नाही. सुट्टी नाही म्हणजे टीमच नाही.

सामना नऊ दिवसांवर आला असताना ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली उतारावरून सुटली. खाली एक म्हातारी आया पाठमोरी उभी होती. कापूसनं पुढचामागचा विचार न करता चाकासमोर पाय घातला. आया वाचली, ट्रॉली भिंतीला धडकून आडवी झाली, पण चाक डाव्या पायावरून जायचं ते गेलंच.

हाड मोडलं नव्हतं. तीन दिवसांत सूज उतरली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पायाचा वरचा भाग आणि आतली कड सुन्न पडली आहे. बोट दाबलं, चिमटा काढला, गरम पाण्यात पाय बुडवला. काहीच नाही. जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आपल्या घोट्याला जोडलाय.

"नस दबलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "येईल परत. महिन्यानं येईल, सहा महिन्यांनी येईल, आत्ता सांगता येणार नाही."

"खेळले तर?"

"खेळून पायाचं आणखी वाईट होणार नाही. पण पायाला काय लागतंय ते तुला कळणार नाही."

घरी तिनं नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो बस चालवायचा, बोलायचा कमी. "टीमच्या मास्तरांना सांगून टाक," तो म्हणाला.

"सांगते की."

पण सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ती मूग गिळून बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावत राहिली. खरं कारण वेगळंच होतं. लाँड्रीत तिच्यासारख्या बावीस जणी होत्या. मैदानावर तिच्यासारखी ती एकटी होती.

दुपारच्या सुट्टीत ती बॉयलरमागच्या भिंतीपाशी बॉल घेऊन जायला लागली. भिंतीवर मारायचा, परत आलेला डाव्या पायावर घ्यायचा. पहिला आला तो चार हात लांब उडाला. दुसरा पायाखालून निघून गेला. पायाऐवजी लाकडी फळी बांधल्यासारखं वाटत होतं. आजवर तिला कुणी विचारलं, की तू हे कसं करतेस, तर ती म्हणायची, "कसं म्हणजे? होतं." आता होत नव्हतं, आणि कसं व्हायचं ते आठवत नव्हतं. 

गुरुवारी लाँड्रीच्या मागच्या दाराची बिजागरी दुरुस्त करायला मास्तर आले. मास्तर म्हणजे हॉस्पिटलचे सुतार आणि टीमचे शिकवणारेही. कमरेला हातोडी अडकवलेली, कानावर पेन्सिल. काम करता करता त्यांनी तिचे दोन-तीन बॉल उडालेले बघितले. मग म्हणाले, "टच कुठे ठेवून आलीस?"

"नवे बूट आहेत, मास्तर."

मास्तरांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. उजव्या बुटाच्या टाचेला दोन वर्षांपूर्वीचा टाका होता, तोही त्यांनीच घातलेला.

"बरं," ते म्हणाले. "नवे बूट. मग ऐक. टच पायात असतो असं तुला कोणी सांगितलं?"

"मग कुठे असतो?"

"अकरा वर्षं मी बघतोय. बॉल तुझ्याकडे यायला निघाला, की तू एकदा मागे बघतेस. तो वाटेत असताना आणखी एकदा बघतेस. तो पोचेपर्यंत कोण कुठून येतंय आणि तुला कुठे जायचंय, हे ठरलेलं असतं. मग कंबर वळते, पाय नुसता दार उघडून देतो. पाय तुझा चांगला आहेच, पण त्याहून तुझी मान चांगली आहे."

तिनं बॉल काखेत घेतला.

"बाकीच्या बॉल थांबवतात. थांबलेला बॉल सगळ्यांचा असतो, कुणीही यावं आणि न्यावा. तू तो थांबवत नाहीस, तुझ्या पुढच्या पावलापाशी पाठवतेस. ते पाऊल कुठे पडणार हे फक्त तुला माहीत. म्हणून तो तुझा." त्यांनी बिजागरीचा शेवटचा स्क्रू पिळला आणि दार दोनदा लावून पाहिलं. "काही सांगायचंय का?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. "नाही, मास्तर," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी टीमच्या बायका मैदानाजवळच्या कोठाराच्या खोलीत तयार होत होत्या. बाकावर जागा नव्हती, म्हणून नणंद जमिनीवर बसून हातमोजे चढवत होती. अचानक ती थांबली.

"वहिनी, रक्त येतंय तुझ्या पायाला."

"कुठे?" कापूसनं विचारलं.

त्या एका शब्दानं बिंग फुटलं. डाव्या पायातला मोजा आतल्या बाजूला तळहाताएवढा लाल झाला होता. बुटातली एक पितळी कडी उचकटून मांसात रुतत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

नणंदेनं बूट काढून मोजा खाली ओढला, जखमेवर बोट दाबलं आणि वर बघितलं. कापूसचा चेहरा कोरा.

"तुला लागतच नाहीये," नणंद हळू आवाजात म्हणाली. "ट्रॉलीमुळे ना? किती दिवस झाले?"

"सामना झाल्यावर बोलू."

"आत्ता बोल."

बाहेर शिट्टी वाजली. "नणंदबाई, तुझ्या पाया पडते," कापूस कुजबुजली, "नव्वद मिनिटं गप्प राहा."

नणंदेनं जखमेवर पट्टी गुंडाळली, इतकी घट्ट की दुसरी कुणी असती तर ओरडली असती. मग ती बाहेर पडली.

पहिली वीस मिनिटं कापूस जीव मुठीत धरून खेळली. येईल तो बॉल उजव्या पायावर घ्यायचा, जमेल तितक्या लवकर दुसरीकडे द्यायचा. डावीकडे आला तर अंग वळवून पुन्हा उजवाच. लांबून पाहणाऱ्याला संशय आला नसता. पण गिरणीची चार नंबरची खेळाडू लांबून पाहत नव्हती. ती उंच, हाडापेरानं मजबूत बाई कापूसच्या उजव्या खांद्याला चिकटूनच उभी राहायला लागली. आता डावीकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तेविसाव्या मिनिटाला बॉल डावीकडे आला. साधा होता, जमिनीवरून, लहान मुलीनंही घेतला असता. कापूसनं मान खाली घातली आणि आपल्या पायाकडे बघत राहिली, चिकटला की नाही ते डोळ्यांनीच कळणार होतं ना! बॉल लागला आणि टणकन उडाला, थेट गिरणीच्या नऊ नंबरपाशी. नऊ नंबर आणि नणंद, मध्ये कुणीच नाही. नणंद पुढे धावली, आडवी पडली, बॉल तिच्या बोटांना घासून जाळ्यात गेला.

"अगं कापूस," काठावरून कुणीतरी ओरडलं, "आज दगड झालीस काय?"

लोक हसले. नणंद चिखलातून उठली, तोंडात गेलेली माती थुंकली आणि तिच्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं कापूसला वाटलं.

हाफ टाइमला सगळ्या कोठारात गोळा झाल्या. कुणी पाण्याच्या बाटल्या उघडल्या, कुणी गुडघे चोळले. कापूस उभीच राहिली.

"माझ्या डाव्या पायाला काही कळत नाही," ती म्हणाली. "ट्रॉली गेली तेव्हापासून. गोल माझ्यामुळे झाला."

 मग कॅप्टन, वॉर्डातली नर्स, म्हणाली, "नऊ दिवस! आणि आम्हाला आज सांगतेस? आत्ता?"

"मग बाहेर बस ना बाई," स्वयंपाकघरात काम करणारी बचावातली खेळाडू म्हणाली. तिचं चुकत नव्हतं.

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी विचारलं, "गोल झाला तेव्हा कुठे बघत होतीस?"

"पायाकडे."

"याआधी कधी पायाकडे बघितलं होतंस?"

कापूसनं आठवून पाहिलं. "नाही."

"ती बाहेर गेली तर पुढे बॉल कोण नेणार, ते आधी सांगा," नणंद कोपऱ्यातून म्हणाली. आवाजात माया नव्हती, पण मत तिच्या बाजूनं होतं. "गोल माझ्यावर झालाय, म्हणून मी बोलते. खेळू दे तिला. पण वहिनी, आता लपवाछपवी नको. सगळ्यांना माहीत असू दे, कुठला पाय चालतो आणि कुठला नाही."

हाफ टाइमनंतर ती पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊन खेळली. पाय सोडून तिनं बाकी सगळीकडे बघितलं. बॉल तिच्याकडे निघाला की मागे एक नजर, वाटेत असताना दुसरी. दोनदा डाव्या पायावरून बॉल निसटला, पण तो निसटणार हे माहीत असलेली कॅप्टन प्रत्येक वेळी मागे हजर होती. दोनदा बरोबर बसला. गिरणीच्या बायका अजून वरचढ होत्या. घड्याळ पळत होतं, साठ मिनिटं, पासष्ट, सत्तर.

त्र्याहत्तराव्या मिनिटाला नणंदेनं गोलपाशी बॉल ठेवला आणि जीव खाऊन मारला. तो उंच गेला, अगदी उंच, आणि कापूसच्या डोक्यावर खाली यायला लागला. तिनं मागे बघितलं. चार नंबर उजवीकडून सुसाट येत होती. बॉल आणखी खाली आला. तिनं पुन्हा बघितलं. डाव्या कडेनं त्यांच्यातली ॲम्ब्युलन्स चालवणारी पळत सुटली होती आणि तिच्यासमोर मैदान मोकळं होतं. कापूसनं कंबर वळवली, डावा पाय उचलला आणि बॉल पोचता पोचता पाय हळूच मागे घेतला. पायाकडे बघितलं नाही. पायाला काहीही कळलं नाही. कानाला तेवढा एक दबका आवाज आला, ओला टॉवेल टोपलीत पडावा तसा.

चार नंबर येऊन पोचली ती रिकाम्या जागेत. बॉल तिच्या पलीकडे, कापूसच्या पुढच्या पावलापाशी होता. उजव्या पायानं तिनं तो पुढे सरकवला, ॲम्ब्युलन्सवालीनं धावत गाठला आणि गोलकीपरच्या बगलेखालून आत घातला.

एक-एक. सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्या ढिगातून बाहेर येताच कापूस काठाकडे चालत गेली.

"मास्तर, मला काढा."

"आत्ता?" मास्तरांचे डोळे विस्फारले. "आत्ता तर कुठे सूर लागलाय!"

"सूर नाही, नशीब. दहातले चार-पाच लागतात. गोल करायला चार पुरतात, मास्तर. वाचवायला दहा लागतात. आणि आता त्या माझ्या डाव्या बाजूनंच येणार."

मास्तरांनी हात वर केला. तिच्या जागी केस पेपर काढणारी बाई आत गेली. तिचा टच म्हणजे आनंदच होता, पण दोन्ही पाय तिचे होते आणि फुफ्फुसं घोड्याची.

सतरा मिनिटं कापूस बाकावर बसली होती. एवढी लांब सतरा मिनिटं तिच्या आयुष्यात बाळंतपणाशिवाय आली नव्हती. गिरणीच्या बायका खरंच डावीकडूनच आल्या, लाटेमागून लाट. एक बॉल खांबाला लागून परतला. एक स्वयंपाकघरवालीनं गोलच्या रेषेवरून डोक्यानं बाहेर काढला आणि तशीच खाली बसली. शेवटच्या कॉर्नरला दहाजणींच्या गर्दीत नणंद उडाली आणि बॉल दोन्ही मुठींनी बाहेर ढकलला. तेवढ्यात शिट्टी वाजली. 

टीम वाचली. बाकीच्या नाचत असताना नणंद येऊन तिच्या शेजारी बसली. गुडघ्यांपासून कपाळापर्यंत चिखल.

"एका घरात राहतो," ती म्हणाली. "नऊ दिवस एका टेबलावर जेवलो. आणि मला तुझ्या मोज्याकडून कळावं?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरलेच ना! एकटीनं घाबरले, वहिनी. दोघींनी मिळून घाबरलो असतो."

 नणंद दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळीच चप्पल घालून दारात उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंकडे बरोबर गेली. तिथे कापूसच्या आधी तिनंच सगळे प्रश्न विचारले.

पायात जाण पाचव्या महिन्यात परतली, तीही पूर्ण नाही. लाँड्रीत फरशी धुतली होती, तिनं चप्पल काढून पाय टेकवला आणि आतल्या कडेला गार लागलं. ती तशीच उभी राहिली. मशीन थांबून चादरी आत खोळंबल्या होत्या, पलीकडून कुणीतरी तिच्या नावानं हाका मारत होतं, आणि ती पाय उचलून पुन्हा टेकवून बघत होती.