फायनलला आमचे हे

इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर नवा होतो तेव्हा एका शनिवारी लंडनजवळच्या स्लाऊच्या कम्युनिटी हॉलमध्ये ट्रेडिंग कार्डांची, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांनी दोघांत खेळायच्या डावांची, टूर्नामेंट खेळायला गेलो. कोपऱ्यातल्या डबा टीव्हीवर पोरं रेसिंग गेमवरून भांडत होती. दोन्हीकडे जज एकच: पन्नाशीच्या एक मराठी काकू. ओढणी कमरेला खोचलेली, गळ्यात शिट्टी. ती वाजली की आडदांड गोरी पोरंही चिडीचूप.

माइकवर त्या प्रत्येकाचं नाव खणखणीत पुकारायच्या. फायनलला मात्र माझ्या नावानंतर अडखळल्या. "अँड... आमचे हे," म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. माझ्यासमोर त्यांचे यजमान येऊन बसले.

यजमान एक कार्ड उचलायचे, परत ठेवायचे आणि छताकडे बघत बसायचे. काकूंनी दोनदा वॉर्निंग दिली. मग शिट्टी फुंकली.

"अहो, वेळकाढूपणा चाललाय. तुम्ही हरलात. उठा."

"अगं, मी विचार करत होतो!"

"लग्नाला होकार देतानाही हेच केलंत."

ते पाय आपटत चहाच्या टेबलाकडे गेले. ट्रॉफी घेताना मी हळूच विचारलं, "काकू, घरी गेल्यावर चिडतील ना ते?"

"चिडतील की. अपीलही करतील," काकू ओढणीनं शिट्टी पुसत म्हणाल्या. "पण तिथंही जज मीच आहे."